वैद्यकीय संशोधनातील प्रश्नाची मांडणी : चौविहाराच्या निमित्ताने

(व्याख्यानाची संहिता)



श्वेतांबर परंपरेच्या भगवती सूत्रात कौशांबीच्या जयंती श्राविकेचा प्रसंग आला आहे. तिने भगवान महावीरांना अनेक प्रश्न विचारले. त्यांतील एक प्रश्न असा की, जीवाने झोपलेले असणे चांगले की जागे असणे चांगले? या प्रश्नाला भगवंतांनी एका शब्दात उत्तर दिले नाही. जे जीव अधर्माने वागतात त्यांचे झोपलेले असणे चांगले आणि जे धर्माने वागतात त्यांचे जागे असणे चांगले, अशा आशयाचे उत्तर त्यांनी विभागून दिले. ‘कोणासाठी?’ हा उपप्रश्न त्या मूळ प्रश्नात दडलेला होता. तो वेगळा काढल्यावरच उत्तराला वाट मिळाली.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय धर्मशास्त्राचा नाही, वैद्यकीय संशोधनाचा आहे. तथापि त्या क्षेत्रातही पहिली अडचण हीच असते. समाजातील अनेक मुले-मुली आज एम.डी., एम.एस. यांसारखे पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. त्यांना प्रबंध लिहावा लागतो आणि त्या प्रबंधात पूर्वसंशोधनाचा आढावा हे एक स्वतंत्र प्रकरण असते. बहुतेक विद्यार्थी विषय निवडतात आणि लगेच संगणकावर शोध घेऊ लागतात. विषय आणि प्रश्न या दोन भिन्न गोष्टी आहेत, इकडे त्यांचे दुर्लक्ष होते. ‘मधुमेह आणि उपवास’ हा विषय झाला. त्यात काही विचारलेलेच नाही, म्हणून त्याला उत्तरही असू शकत नाही. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९७ साली ‘पबमेड’ ही शोधनिबंधांची सूची सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या मोठ्या भांडारात केवळ विषय घेऊन उतरणाऱ्यास हजारो निबंध मिळतात, आणि ते सर्व वाचणे शक्य नसल्याने तो त्यांतून काही निवडतो. खरा धोका या निवडीत आहे. प्रश्न सैल असला की मनाला आवडलेले उत्तर देणारे निबंध तेवढे हाती लागतात आणि त्यालाच आढावा असे नाव मिळते.

याचे घरातलेच एक उदाहरण घेऊन हा विचार पुढे नेणे सोयीचे होईल. ‘सूर्यास्तानंतर न जेवणे आरोग्याला हितकारक आहे, हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे’ हे विधान समाजातील सभासमारंभांत वारंवार ऐकू येते. येथे एक गोष्ट प्रथम स्पष्ट केलेली बरी. रात्रिभोजनत्यागाचे अधिष्ठान अहिंसा आणि संयम हे आहे. त्यास कोणत्याही प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही आणि उद्या एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रतिकूल आला तरी व्रताला त्यामुळे बाध येत नाही. परंतु ‘आरोग्याला हितकारक’ हे शब्द उच्चारले की विधान वैद्यकाच्या प्रांतात येते, आणि मग त्याची परीक्षा वैद्यकाच्या नियमांनीच व्हावयास हवी. हे शब्द ऐकून मधुमेहाची औषधे घेणारी एखादी व्यक्ती आपल्या जेवणाच्या वेळा बदलू शकते, ही बाब क्षुल्लक नाही.

१९९५ साली ‘एसीपी जर्नल क्लब’ या नियतकालिकात स्कॉट रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुघटित वैद्यकीय प्रश्न कसा असावा यावर एक छोटेखानी संपादकीय लिहिले. पुराव्यावर आधारित वैद्यक ही चळवळ तेव्हा कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून नुकतीच बाहेर पसरू लागली होती. प्रश्नाची चार अंगे सांगण्याची जी पद्धत त्या काळात रूढ झाली, ती इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पिको’ या नावाने ओळखली जाते. कोणता रुग्णसमूह, कोणता उपाय, कशाशी तुलना आणि कोणते फलित, ही ती चार अंगे होत. कोणत्याही वस्तूविषयी बोलताना द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांची अपेक्षा सांगावी, ही शिस्त जैन विचारात मुरलेली असल्याने ही चौकट या श्रोत्यांना परकी वाटू नये. अर्थात प्राचीन आचार्यांना ‘पिको’ ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरावा. दोन्ही चौकटींचे हेतू वेगळे आहेत.

आता चौविहाराचे विधान या चार अंगांनी तपासून पाहू. प्रथम उपाय. चौविहारात अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा सूर्यास्तापासून त्याग असतो, म्हणजे पाणीही वर्ज्य. तिविहारात पाणी चालते. आधुनिक संशोधनात ज्याचा गवगवा झाला आहे तो प्रकार ‘टाइम-रिस्ट्रिक्टेड ईटिंग’ म्हणजे दिवसाच्या ठरावीक तासांतच खाणे हा असून त्यात उरलेल्या वेळी पाणी पिण्यास साधारणतः मुभा असते. तेव्हा या पहिल्याच पायरीवर चौविहार आणि तिविहार हे दोन निरनिराळे उपाय ठरतात, आणि संशोधनाशी अधिक जवळचे नाते तिविहाराचे आहे.

दुसरा भेद तासांचा. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सायंकाळी सुमारे सहाला मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून गेल्यावर. तेथील दिनमान हिवाळ्यात सुमारे अकरा तासांचे, तर उन्हाळ्यात सव्वातेरा तासांच्या आसपास असते. याचा अर्थ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आहार घेणाऱ्याला खाण्यासाठी अकरा ते तेरा तासांचा अवकाश मिळतो. नवकारसी पाळणाऱ्याचा तो अठ्ठेचाळीस मिनिटांनी कमी होतो, इतकेच. याउलट ज्या प्रयोगांचा दाखला दिला जातो त्यांत खाण्याचा अवकाश सहा किंवा आठ तासांचा आहे.

हे प्रयोग क्रमाने पाहिले म्हणजे प्रश्न नेमका नसल्याने काय घडते ते उघड होते. २०१२ साली कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत भारतीय वंशाचे संशोधक सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगशाळेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्निग्ध आहार देऊनही केवळ आठ तासच खाऊ दिलेले उंदीर, दिवसरात्र खाणाऱ्या उंदरांच्या तुलनेत लठ्ठपणापासून बरेच बचावले. हा अभ्यास रात्रिभोजनत्यागाच्या समर्थनार्थ सांगितला जातो. परंतु उंदीर निशाचर आहे, आणि त्या प्रयोगात त्याला अन्न दिले होते ते रात्रीच! त्यावरून ‘प्राण्याने आपल्या जागृतीच्या काळात खावे’ असा तर्क करता येईल, पण ‘रात्री खाऊ नये’ हे वाक्य त्या प्रयोगाच्या तोंडी घालता येत नाही.

२०१८ साली अमेरिकेतील अलाबामा येथील संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ८ पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पाच आठवडे त्यांनी सहा तासांच्या अवधीत, दुपारी तीनच्या आत दिवसाचे शेवटचे जेवण घेतले आणि अन्य पाच आठवडे बारा तासांच्या अवधीत आहार घेतला. वजन मुद्दाम स्थिर राखले होते, तरीही पहिल्या वेळापत्रकात इन्सुलिनला शरीराचा मिळणारा प्रतिसाद सुधारला व रक्तदाब उतरला. २०२० साली सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगात ११६ स्थूल प्रौढ होते. त्यांतील एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात खाल्ले, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे तीन वेळा जेवण घेतले. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या वजनातील घटीत उल्लेखनीय फरक दिसला नाही. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते आणि एका गटाला शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार ही मर्यादा होती. वजन सरासरीने ८.० आणि ६.३ किलो उतरले, मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. त्याच वर्षी अलाबामात ९० व्यक्तींवरील चौदा आठवड्यांच्या प्रयोगात सकाळी सात ते दुपारी तीन एवढ्याच वेळात खाणाऱ्यांचे वजन, बारा तास किंवा त्याहून अधिक काळ खाणाऱ्यांपेक्षा सरासरी २.३ किलोंनी अधिक घटले.

एकाच नावाखालचे हे चार प्रयोग आणि त्यांची उत्तरे निरनिराळी. व्याख्यानातून विधाने करणारा यांतील सोयीचे दोन उचलतो आणि शंकेखोर उरलेले दोन. दोघांनाही आपण विज्ञान सांगत आहोत असे वाटते. वस्तुतः हे चार वेगवेगळ्या प्रश्नांचे चार प्रामाणिक निकाल आहेत. एकात दुपारचे तीन, दुसऱ्यात रात्रीचे आठ. एकात आठ माणसे, दुसऱ्यात शंभराहून अधिक. कोठे वजन मोजले, कोठे वजन स्थिर ठेवून इन्सुलिनचा प्रतिसाद.

तथापि सर्वाधिक दुर्लक्षित अंग आहे ते तुलनेचे. अलाबामाच्या दोन्ही प्रयोगांत तुलनेसाठी घेतलेले वेळापत्रक कोणते, तर बारा तासांचे किंवा त्याहून अधिक. मुंबईत किंवा पुण्यात काटेकोरपणे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या श्रावकाचे दिवसाचे वेळापत्रक त्याच्याच जवळचे आहे. हा श्रावक त्या प्रयोगात सहभागी झाला असता, तर नव्या उपायाच्या गटात त्याची गणना झाली नसती. त्याची सवय ज्या गटाशी तुलना करावयाची, त्या गटाशी मिळतीजुळती ठरली असती. ज्या प्रयोगांच्या आधारे चौविहार सिद्ध झाल्याचे सांगितले जाते, त्यांत चौविहाराशी मिळताजुळता दिनक्रम कमी लाभाच्या बाजूला उभा आहे. यातून चौविहार निरुपयोगी ठरत नाही. त्याची तुलना ज्याच्याशी व्हावयास हवी तो मनुष्य या प्रयोगांत नाहीच, एवढेच यातून निघते. तो मनुष्य म्हणजे रात्री साडेनऊ-दहाला घरी येऊन भरपेट जेवणारा शहरी चाकरमानी किंवा दुकान बंद करून परतणारा व्यापारी. ग्वांगझूच्या प्रयोगावरही अशाच स्वरूपाचा आक्षेप घेतला गेला. तेथील सहभागी मुळातच दिवसाच्या सुमारे साडेदहा तासांत खाणारे होते. ती मर्यादा आठ तासांवर आणल्याने मोठा फरक पडण्यास फारसा वाव नव्हता.

रुग्णसमूह आणि क्षेत्र यांकडे दुर्लक्ष झाल्यास किती गंभीर परिणाम होऊ शकतात, हे दाखविणारी एक हकिकत आहारशास्त्राबाहेरची आहे. ती या ठिकाणी सविस्तर सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी १९७२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात व मृत्यू कमी होतात, असे त्यात आढळले. पुढे अनेक ठिकाणी असे प्रयोग झाले, पण ते एकत्र करून कोणी पाहिले नाहीत. १९८९ साली पॅट्रिशिया क्रॉली यांनी पद्धतशीर आढावा घेतला तेव्हा लाभ निर्विवाद दिसला. मधल्या काळात हजारो बालके या उपायाला मुकली. १९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात याच प्रयोगांच्या निकालांच्या आडव्या रेषा आहेत, त्या याची आठवण म्हणूनच.

मात्र हकिकत येथे संपत नाही. श्रीमंत देशांतील रुग्णालयांत मिळालेले हे उत्तर गरीब देशांतील गावोगावी लागू करावे, या हेतूने सहा देशांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात भारतातील दोन केंद्रे होती, नागपूर आणि बेळगाव. सुमारे एक लाख जन्मांची नोंद झाली. लहान बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट सर्व नवजात बालकांचा एकत्रित विचार करता, जेथे हा उपाय पसरविला तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे साडेतीन मृत्यू अधिक झाले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही अधिक आढळली. गर्भाचे वय ठरविण्याची अचूक साधने तेथे उपलब्ध नव्हती. ज्या मातांना इंजेक्शन मिळाले, त्यांतील बहुतेकींची बाळे प्रत्यक्षात तेवढी लहान नव्हती. नवजात बालकांच्या शुश्रूषेच्या सोयीही सर्वत्र सारख्या नव्हत्या.

मग औषध वाईट होते काय? जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील सुसज्ज रुग्णालयांत, गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित करून, २८५२ स्त्रियांवर पुन्हा प्रयोग केला. २०२० साली त्याचा निकाल आला. औषध दिलेल्या गटात नवजात मृत्यूचे प्रमाण १९.६ टक्के, तर न दिलेल्या गटात २३.५ टक्के होते. औषध तेच होते. कोणत्या मातेला, कोठे आणि कोणत्या सोयींच्या सान्निध्यात, हे बदलले आणि उत्तर बदलले. पहिल्या आढाव्याच्या प्रश्नात ‘रुग्णालय’ हा शब्द न उच्चारता गृहीत धरलेला होता. नागपूर आणि बेळगावच्या परिसरातील गावांत तो गृहीत धरता येत नव्हता.

पुन्हा मूळ उदाहरणाकडे वळू. चौविहाराविषयीचा सैल प्रश्न आता पुढीलप्रमाणे बांधता येईल : ‘टाइप २ मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या दक्षिण आशियाई प्रौढ व्यक्तींनी किमान बारा आठवडे सूर्यास्तापूर्वी शेवटचे जेवण घेतल्यास, तितकेच उष्मांक घेऊन रात्री आठनंतर शेवटचे जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत, त्यांच्या एचबीए१सी या मोजमापात किती फरक पडतो आणि रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाण्याचे प्रसंग वाढतात काय?’ वाक्य लांबले खरे. पण त्यातील प्रत्येक शब्द एकेका निबंधाला आत घेणारा किंवा बाहेर ठेवणारा आहे. ‘बारा आठवडे’ अशासाठी की एचबीए१सी मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचे चित्र दाखविते, त्यामुळे चार आठवड्यांच्या प्रयोगात ते मोजून फारसे हाती लागत नाही. ‘तितकेच उष्मांक’ अशासाठी की संध्याकाळी लवकर जेवणारा मनुष्य एकंदरीत कमी खातो. मग लाभ वेळेमुळे झाला की कमी खाण्यामुळे, हे कळावयास मार्ग राहत नाही. कोणी म्हणेल की व्रत घेणारा उष्मांक मोजत नाही. त्याने ती अट काढावी. पण मग तो दुसरा प्रश्न झाला, आणि त्याचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या पदरी घालू नये.

हा प्रश्न ठरल्यानंतरच सूची उघडावी. शोधाची युक्ती साधी आहे. प्रश्नाच्या एकेका अंगासाठी जेवढे पर्यायी शब्द सुचतील तेवढे ‘ऑर’ या शब्दाने जोडावेत आणि मग ती अंगे परस्परांशी ‘अँड’ने जोडावीत. येथे ‘ईटिंग’ म्हणणारे लेखक आहेत तसे ‘फीडिंग’ म्हणणारेही आहेत. ‘लवकर रात्रीचे जेवण’, ‘जेवणाची वेळ’, ‘अधूनमधून उपवास’ अशा नावांखालीही तेच संशोधन दडलेले असते. अनुभवी ग्रंथपाल एक सूचना आवर्जून करतात. शोधशब्दांत फलिताचे शब्द शक्यतो घालू नयेत, कारण निबंधाच्या सारांशात प्रत्येक मोजमापाचा उल्लेख असतोच असे नाही आणि नेमका हवा तो निबंध निसटतो. फलिताची चाळणी निबंध वाचताना लावावी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाचा सल्ला घेण्यात विद्यार्थ्यांना संकोच का वाटतो, हे एक कोडेच आहे. त्या तासाभरात महिन्याचे काम वाचते.

अशा शोधात रमझानच्या उपवासांवरील निबंध मोठ्या संख्येने येतील. ते ठेवावेत की वगळावेत? लाभाच्या प्रश्नासाठी ते वगळावे लागतील, कारण त्यात आहार सूर्यास्तानंतर घेतला जातो आणि प्रस्तुत उपायाच्या तो अगदी उलट आहे. परंतु धोक्याच्या प्रश्नासाठी ते बाजूला सारणे शहाणपणाचे नाही. १३ देशांतील १२,२४३ मधुमेही मुस्लिम बांधवांची माहिती घेणारा ‘एपिडायर’ हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. रमझानच्या महिन्यात साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रसंग इतर महिन्यांच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढल्याचे त्यात दिसले. मधुमेहावरील औषध घेऊन दीर्घकाळ निराहार राहण्याचा धोका उपवास कोणत्या धर्माचा आहे यावर अवलंबून नसतो. एकाच निबंधाला एका प्रश्नात प्रवेश नाकारावा आणि दुसऱ्यात द्यावा, हा भेद प्रश्न लिहून काढल्याशिवाय सुचणारा नाही.

सर्वच प्रश्न उपायांचे नसतात, हेही ध्यानात असावे. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांची रक्ततपासणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी होती आणि शाकाहारींमध्ये ही कमतरता अधिक होती. येथे औषध दिलेले नाही. प्रश्न आहे तो ‘किती जणांत?’ आणि ‘कशाशी निगडित?’ असा. म्हणून उपायाच्या जागी आहाराची सवय येते आणि फलित म्हणून काय धरावे याचा निर्णय अधिक नाजूक होतो. रक्तातील आकडा कमी असणे वेगळे आणि हातापायांना मुंग्या येणे किंवा रक्तक्षय होणे वेगळे. शाकाहारी समाजाने हा प्रश्न टाळू नये. कमतरता आढळल्यास गोळ्या घेऊन ती भरून निघते आणि त्यासाठी आहाराचे नियम सोडावे लागत नाहीत.

शेवटचा मुद्दा प्रश्न जाहीर करण्याचा. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने २०११ साली ‘प्रॉस्पेरो’ ही नोंदवही सुरू केली. पद्धतशीर आढावा घेणाऱ्याने आपला प्रश्न, निबंध निवडण्याचे निकष आणि मोजावयाची फलिते काम सुरू करण्यापूर्वी तेथे नोंदवावीत, अशी अपेक्षा असते. वाचन सुरू झाल्यावर प्रश्न बदलावासा वाटणे स्वाभाविक आहे आणि तो बदलताही येतो. बदल केव्हा केला आणि का केला, एवढे मात्र लिहून ठेवावे लागते. निकाल पाहून प्रश्न वळविला की निकालासाठी प्रश्न, हे त्या नोंदीवरून परक्या माणसालाही ताडता येते. पदवीसाठीच्या प्रबंधाला अशी नोंदणी शक्य नसेल तेथे विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या सहीने प्रश्नाचा कागद पहिल्याच आठवड्यात करून ठेवावा.

त्या कागदावर हानीची फलिते लाभाच्या आधी लिहावीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगात ज्या थोड्या व्यक्तींची सविस्तर शारीरिक तपासणी झाली, त्यांच्यात मर्यादित वेळेत खाणाऱ्यांच्या हातापायांतील स्नायूंचा भार तुलनेने अधिक घटला होता. संशोधकांनी तो मोजावयाचे आधी ठरविले होते, म्हणूनच तो दिसला. समाजातील सत्तरी ओलांडलेल्या, आधीच कृश झालेल्या आणि वर्षानुवर्षे एकासन करणाऱ्या श्राविकेच्या बाबतीत वजनकाट्यावरील आकड्यापेक्षा हेच मोजमाप अधिक महत्त्वाचे आहे. तिच्यासाठी प्रश्न पुन्हा पहिल्या अंगापासून लिहावा लागेल.